गडी उठला
माझ्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तेव्हा आईने माळ्यावरून प्रितेशदादाचा बिजागरीचा पट्टा काढून दिला. दादाचाही हाच गुडघा गेला होता. पट्टा बांधून तो पुन्हा कबड्डी खेळला आणि गेल्या वर्षी वडप्याला हायवेवर कंटेनरखाली सापडून वारला. “पट्टा गुडघा धरून ठेवतो, गेलेलं परत आणत नाही. मैदान विसर,” डॉक्टर म्हणाले. चालताना बिजागरी टक् वाजायची. घरात आलो की आई आतून विचारायची, “प्रितेश, आलास?” मग मला बघून परत चुलीकडे वळायची. जत्रेचे सामने लागले आणि मला राहवेना. आमच्याकडे कबड्डीत बाद झालेल्याला मेला म्हणतात. आपण समोरचा एक मारला की आपला मेलेला एक उठतो, म्हणजे पुन्हा मैदानात येतो. पहिलीच चढाई माझी होती. त्यांचा गडी मारून मी रेषेच्या अलीकडे आलो, गुडघा सटकला नाही. पंच दाजी सवयीने ओरडले, “वळ गावचा एक गडी उठला!” “दाजी, आमचा मेलाय कोण?” मी हसलो. “सातच्या सात उभे हाव.” दाजी बोट नाचवत मोजू लागले. सात झाल्यावरही बोट खाली आलं नाही. ते माझ्या पाठीमागे रोखलेलं राहिलं. मी जागचा हललो नव्हतो, माझा पट्टाही वाजला नव्हता. तरी मागून टक्, टक् असा आवाज जवळ येत होता. बायकांच्या घोळक्यातून आई बोलली, आणि या वेळी तो प्रश्न नव्हता. “प्रितेश, आलास.”