अम्मीचे प्रश्न

"अन् पाकीट वाटेतच हरवलं तं?" अम्मीने शिलाई मशीनचं चाक थांबवून विचारलं.

नाजियाने नेटवर्किंगच्या पुस्तकातून मान वर केली. "हरवलं तं कम्प्युटर परत पाठवते."

"पण त्याले कसं समजते, हरवलं म्हणून?"

नाजियाला ते ठाऊक नव्हतं. "ते सिलॅबसमधी नाई, अम्मी."

ते सिलॅबसमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी तिने ते गुपचूप वाचून काढलं आणि जणू आधीपासून माहीत होतं अशा थाटात अम्मीला सांगितलं. पोहोचल्याची पावती आली नाही, की माहितीचं पाकीट हरवलं असं समजायचं.

ब्रह्मपुरीत मुक्त विद्यापीठाचं एक अभ्यासकेंद्र होतं. तिथे नाजिया कम्प्युटरच्या पदविकेला होती. पुस्तकं घरी मिळायची, रविवारी सर शिकवायचे, हजेरीची सक्ती नव्हती. ती दुसऱ्या वर्षात गेली, पण पहिल्या वर्षाचा नेटवर्किंगचा पेपर मागे राहिला. ऐंशीपैकी एकवीस. सर म्हणाले, "पाठ करू नोको बाई. घरी कोणाले तरी समजावून सांग. त्याले समजलं, तं तुले समजलं."

घरी कोणाला सांगायचं, हा प्रश्नच होता. अब्बूंचं, म्हणजे लियाकतभाईंचं, बांगड्यांचं दुकान. ते जेवायला घरी आले तेव्हा तिने त्यांना धरलं. पाचव्या मिनिटाला त्यांचे डोळे मिटले. धाकटा अकरम तर सायकल काढून पळालाच. उरली अम्मी. तिच्या पायाखाली मशीन आणि हातात लोकांचे ब्लाऊज. तिला पळता येत नव्हतं.

रोज दुपारी वीज गेली, की शिकवणी सुरू व्हायची. अम्मी ऐकायची आणि मध्येच काहीतरी विचारायची. दोन कम्प्युटरचा पत्ता एकच असला तर? राऊटरला कोण सांगतं, कोणती वाट जवळची? सबनेट मास्क तर तिने तीनदा समजावून घेतला.

"तुले कायले पायजे एवढं?" नाजिया वैतागली.

"तूच तं म्हणतली, ऐकणाऱ्याले समजलं पायजे." अम्मीने सुईत दोरा ओवला. "मीबी बारावी पास हाओ."

"तुया टायमाची बारावी!" नाजिया हसली. "तवा कम्प्युटर होते काय?"

अम्मीही हसली. तिच्या वेळी वडशाला कॉलेज होतं, तिने बीएचा फॉर्मही भरला होता. पहिल्याच महिन्यात निकाह ठरला आणि ते तिथेच राहिलं. हे नाजियाला माहीत होतं. आपल्याला घरातल्या जुन्या लग्नाच्या तारखा माहीत असतात, तसं.

रविवारी केंद्रावर तिने नूतनला, आपल्या मैत्रिणीला, सांगितलं, "माह्या अम्मीले टीसीपी शिकवून राह्यली मी." दोघी पोट धरून हसल्या. पण अम्मीच्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता नाजियाचं पुस्तक दोनदा वाचून झालं होतं. एके दिवशी अम्मीने पुन्हा चाक थांबवलं. "हे कितीले येते? आठ मार्काले, का चारले?"

"आठले," नाजिया म्हणाली. अम्मीला मार्कांचं काय करायचं होतं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

मे महिन्यात पेपर आला. सकाळी अम्मीने दुवा वाचून तिच्या कपाळावर फुंकर घातली आणि तिला घाईघाईने बाहेर काढलं. "जाय लवकर. मलेबी जाचं हाये."

"कुठी?"

"वडशाले. मामूकडं."

परीक्षेच्या खोलीत पहिल्या वर्षाचे नवे विद्यार्थी होते आणि त्यांच्या मागे नाजियासारखे अडकलेले तिघं. नाजियाच्या पुढचा बाक रिकामा होता. घंटेला दोन मिनिटं असताना बुरख्यातली एक बाई लगबगीने आत आली. हातात प्रवेशपत्र, पाण्याची बाटली आणि दोन नवे पेन. ती रिकाम्या बाकावर बसली आणि तिने तोंडावरचा पडदा मागे टाकला.

नाजिया अर्धी उभीच राहिली. "तू? इथी?"

"बस खाली," अम्मी न वळताच पुटपुटली. "फॉर्म भरतला म्हणून सांगतलं असतं, तं हासली असती तू."

नाजियाचे कान तापले. ती हसलीच असती. नूतनला सांगून दोनदा हसली असती. दुपारचे सगळे प्रश्न एकदम तिच्या डोक्यात रांगेने उभे राहिले. राऊटर, सबनेट मास्क, आठ मार्क. तिला वाटत होतं, अम्मी आपल्यासाठी ऐकते.

उत्तरपत्रिका आल्या. पुढच्या बाकावर अम्मीचा पेन आसन क्रमांकाच्या चौकटीवर थांबला होता. मशीनवर एक टाका न चुकवणारा तो हात पुढे सरकत नव्हता. बावीस वर्षांनी ती पेपर लिहायला बसली होती. नाजिया पुढे झुकली.

"पयले आकड्यात लिव्ह," ती कुजबुजली. "मंग खाली अक्षरात. अन् सही बारीक कर, चौकटीच्या बाहेर जाऊ देऊ नोको."

अम्मीने मान हलवली. पेन चालू झाला.

"काय चालू आहे तिथे?" पर्यवेक्षक चष्मा सावरत बाकाजवळ आले. त्यांनी आधी पांढरे केस डोकावणाऱ्या अम्मीकडे पाहिलं, मग मागच्या पोरीकडे. "ही कोण तुमची?" त्यांनी अम्मीला विचारलं.

अम्मी अदबीने उभी राहिली.

"माह्या सीनिअर हायेत, सर."