शिफारस क्रमांक सतरा

समितीचं विमान पुढच्या सोमवारी सुटणार होतं आणि तिकडे समितीला काय काय दिसलं, ते कारकून या मंगळवारीच लिहून काढत होता. विषय होता सार्वजनिक बागांमधली कारंजी. अकरा आमदार, तीन देश, चौदा दिवस. ‘हे दृश्य पाहून समिती भारावून गेली,’ असं त्याने लिहिलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

यात काही वावगं आहे असं आता कुणाला वाटतही नव्हतं. दौऱ्यावरून परतले की अकरा जण पुन्हा एका खोलीत सापडायचे नाहीत, मग सह्या कोण गोळा करणार? म्हणून सह्या जाण्याआधी, आणि अहवाल सह्यांच्याही आधी, अशी रीतच पडून गेली होती. बावीस वर्षं हे काम त्याच्याकडे होतं. विमान त्याने आजवर पाहिलं ते खालून, मान वर करून. पण परदेशातले कचऱ्याचे डबे, बसथांबे आणि मासळीबाजार त्याला तोंडपाठ होते. कार्यालयात सगळे त्याला काका म्हणायचे, साहेबसुद्धा.

त्या दिवशी मात्र त्याचं कामात लक्ष नव्हतं. सकाळी डबा भरता भरता बायकोने विचारलं होतं, “अहो, राजीनाम्याचा अर्ज कसा लिहितात?”

ती कालव्यापलीकडच्या इस्पितळात परिचारिका होती, नवजात बाळांच्या वॉर्डात. कालव्यावरचा पादचारी पूल चार वर्षांपूर्वी बंद झाला. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले, ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावली, आणि काम करणारा माणूस काही आजवर कुणाच्या नजरेला पडला नाही. सात मिनिटांची वाट पन्नास मिनिटांची झाली. त्या बाजूला बस जात नाही, रोजची रिक्षा परवडत नाही. चार वर्षांत तिच्या गुडघ्यांची पार वाट लागली. तरी ती तान्ही पोरं सोडून घरी बसायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

गल्लीतले लोक तर कारकुनालाच धरायचे, जणू काही विमानात हाच बसतो. इमारतीखालच्या शिंप्याने कालच त्याला हटकलं होतं.

“काय काका, यंदा तुमची मंडळी काय बघायला चाललीत?”

“कारंजी.”

शिंप्याने ओठांत धरलेल्या टाचण्या काढून मशीनवर ठेवल्या. “इथे कालव्यावर या म्हणावं. पाणीच पाणी आहे, तिकीटही नाही.”

कारकून हसला खरा, पण ते त्याला लागलं.

पाचच्या सुमाराला तो शिफारशींवर आला. सोळावी कारंज्यांतल्या रंगीत दिव्यांबद्दल होती. अठरावी रविवारच्या बँडबद्दल असणार होती. मध्ये तो थांबला. बावीस वर्षांत आपला अहवाल कुणी उघडला तरी आहे का, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने सतरावी लिहिली. ‘इस्पितळाजवळच्या कालव्यावरील पादचारी पुलाच्या दुरुस्तीसाठी याच वर्षी तरतूद करण्यात यावी.’ लिहिताना त्याने दोनदा दाराकडे पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं असतं तर नोकरीवरच गदा आली असती.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. अकरा सह्या झाल्या, त्यातल्या चार तर गाडीच्या खिडकीतून. समिती गेली, आली, अहवाल सभागृहात मांडला गेला आणि एका मिनिटात एकमताने मंजूर झाला.

“एवढ्यात अर्ज देऊ नकोस,” त्याने संध्याकाळी बायकोला सांगितलं. “पूल होतोय.” आणि कसा होतोय तेही सांगितलं.

“काय हो हे,” ती म्हणाली. “बावीस वर्षांत हे आधी नाही सुचलं?” किती तरी दिवसांनी ती मोकळेपणी हसली. मग गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळून ती आणखी दोन महिने चालली.

दोन महिन्यांनी साहेबांनी त्याला आत बोलावलं.

“काका, ते पुलाचं होतं ना, त्याची तरतूद झाली बरं का.”

कारकुनाला बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर फायली होत्या.

“लगेच समितीही नेमलीय,” साहेब म्हणाले. “पादचारी पुलांचा अभ्यास. तेरा जण, पाच देश. शनिवारी निघतायत, तेव्हा गुरुवारपर्यंत अहवाल हातात पाहिजे.”

“साहेब, तो पूल इथून चालत वीस मिनिटांवर आहे.”

“तो काय, कुणीही बघेल.”

“आणि या दौऱ्याचा खर्च?”

“त्याच तरतुदीतून. पुलाचाच अभ्यास आहे ना? सगळी संपतेय त्यात. दुरुस्तीचं पुढच्या वर्षी बघू.”

कारकून जागेवर येऊन बसला. समोर कोरा कागद होता. यात कुणाशी भांडायचं, तेच त्याला कळेना. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी गेला.

बायको रात्रपाळी करून आली होती. गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून ती पलंगाच्या कडेला बसली होती.

“आज एवढ्या लवकर?” ती म्हणाली. “पुलाचं कळलं का काही?”

“कळलं. मंजूर झाला. पैसेही आले.”

“अगंबाई,” तिने टॉवेल उचलला. “मग आता किती दिवस चालायचं मी?”

कारकून तिच्याशेजारी बसला. घोट्यापर्यंत सुजलेल्या तिच्या पायांकडे त्याने पाहिलं.

“एकही नाही,” तो म्हणाला. “राजीनामा मी लिहून देतो.”