नव्या मंडळींसाठी

"अंगठा चालणार नाही. हजेरी आवाजातच द्यायची," न्हाव्याने फोनवरच्या गटावर लिहिलं आणि इकडे म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बाहेर वाऱ्याने उच्छाद मांडला होता. वीज दुपारीच गेली होती. समोरच्या इमारतीचा पत्रा उडून रस्त्यावर खडखडत लोळत होता. पण म्हाताऱ्याने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, अंधाऱ्या खड्ड्यात लोंबकळत दिवस काढले होते. वादळाला तो भीत नव्हता. भीत होता तो हातातल्या फोनला.

गट होता निवडुंग पाळणाऱ्यांचा. शहराच्या चार कोपऱ्यांतली माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली. निवडुंगाची पिल्लं पाठवायची म्हणून पत्ते मात्र सगळ्यांचे सगळ्यांकडे. मागच्या वादळात शिंपी न्हाणीघरात पाय मोडून पडला होता आणि बाहेर त्याचा नातू आजोबांच्या फोनवरून सगळ्यांना खुशाल अंगठे पाठवत बसला होता. तेव्हापासून गटाचा कारभार बघणाऱ्या न्हाव्याने नियम केला. वादळात प्रत्येकाने आपल्या तोंडाने दोन शब्द बोलून पाठवायचे. ज्याचा आवाज येणार नाही, त्याच्या दारात जवळचा माणूस जाणार.

आणि या फोनवरचा आवाज तर दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

फोन बायकोचा. गटात तिला सगळे काटेरी काकू म्हणायचे. ती गेल्यावर म्हाताऱ्याने फोन बंद केला नाही, नुसता चार्ज करत राहिला. एका सकाळी त्यावर प्रश्न आला, 'काकू, कुठे आहात? बऱ्या आहात ना?' ती गेली, एवढंच त्याला लिहायचं होतं. पण ते लिहिलं असतं, तर ती तिथूनही गेली असती. शिवाय त्या आख्ख्या आठवड्यात 'बरे आहात ना' असं दुसरं कोणी विचारलंच नव्हतं. मुलगा लांबच्या शहरात, त्याच्या व्यापात. म्हाताऱ्याने लिहिलं, 'मी बरी आहे, बरं का.'

मग तो काकूच होऊन बसला. तिच्या कुंड्यांचे फोटो टाकायचा, तिच्यासारखं 'बरं का' लावायचा. कोणी फोन केलाच, तर उचलायचा नाही, 'घसा बसलाय' लिहून मोकळा. दोन वर्षं बसलेला घसा! निवडुंगातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. नेमका त्याच सुमारास न्हावी दर रविवारी 'नव्या मंडळींसाठी' म्हणून एक धडा लिहायला लागला. थंडीत पाणी बंद ठेवा. माती पार कोरडी लागेपर्यंत कुंडीला हात लावू नका. म्हातारा गुपचूप वाचायचा, तसंच करायचा. कुंड्या जगल्या. तोही जगला म्हणायचा.

आता एकेक आवाज येऊ लागला. शिंपी म्हणाला, "पाय शाबूत, मशीनही शाबूत." नर्स म्हणाली, "मी कामावरच आहे, जनरेटर चालू आहे." न्हावी म्हणाला, "दुकानाची पाटी उडाली, मी अजून जमिनीवर आहे. काकू राहिल्या. काकू, बोला."

म्हाताऱ्याने लिहिलं, 'घसा बसलाय.'

"बसू दे. नुसतं खोकलात तरी चालेल."

म्हाताऱ्याने बारीक आवाजात खोकून बघितलं. स्वतःच ऐकलं आणि पुसून टाकलं. बायको असती तर हसून हसून लोळली असती.

मग टपालवालीचा आवाज आला. ही पोरगी पुलापलीकडच्या भागात टपाल वाटायची. "काकूंच्या सगळ्यात जवळ मीच आहे. रेनकोट चढवलाय. निघाले."

म्हातारा खिडकीशी गेला. पुलाकडून येणारा रस्ता तिथून दिसत होता. कोपऱ्यावरचं झाड आडवं झालं होतं आणि विजेच्या तारा तुटून साचलेल्या पाण्यात पडल्या होत्या. पोरगी त्याच पाण्यातून येणार होती.

गप्प राहिलं तर गट राहणार होता. बोललं की संपलं. उद्यापासून या घरात कोणाचा प्रश्न येणार नव्हता आणि बायकोचं नाव घेणारं कोणी उरणार नव्हतं. म्हाताऱ्याला रडू फुटलं. त्याने फोन तोंडाजवळ धरला.

"पोरी, मागे फिर. कोपऱ्यावर तारा पाण्यात पडल्यात. काकू नाहीत. दोन वर्षं झाली. मी तिचा नवरा बोलतोय. मी धडधाकट आहे. तुम्हा सगळ्यांना फसवलं मी. पण तू मागे फिर."

म्हातारा भिंतीला टेकून बसला. पत्रा रस्त्यावर वाजतच होता. शेवटी टपालवाली बोलली, धापा टाकत. "फिरले, काका. घरी पोचले की सांगते."

बाकी कोणी काही बोलेना. चारचौघांत हाकलून देण्याआधी आपणच उठावं, हे बरं. म्हाताऱ्याने 'गट सोडा' शोधून काढलं. अंगठा त्यावर ठेवणार, तोच न्हाव्याचा आवाज आला.

"काका, काकूंनी इथल्या निम्म्या लोकांना निवडुंग सांभाळायला शिकवलं. आणि एक दिवस त्यांच्या फोनवरून फोटो आला, गोल निवडुंग पाण्याच्या टोपात गळ्यापर्यंत बसवलेला. आम्ही सगळे तेव्हाच काय ते समजलो. त्याच रविवारी मी पहिला धडा लिहिला."

पाठोपाठ त्याचाच दुसरा निरोप वाजला.

"अहो काका, दोन वर्षांत या गटात नवं कोण आलंय, तुमच्याशिवाय?"