सरावाचा हात

बाळांनो, डोळे मिटा आणि टेबलावर एक रबरी हात पडलाय असं समजा. एका मुलीची आई रक्त काढायला शिकत होती. उद्या तिची परीक्षा, म्हणून सरावाचा हात तिनं घरी आणला होता.

"शीर बोटानं शोधायची," आईनं सांगितलं. "पण ठोके जाणवले तर तिथं सुई टोचायची नाही. ती धमनी असते."

मुलीनं रबरावर बोट ठेवलं. "आई, याला ठोके आहेत गं."

"रबराला कुठले आलेत ठोके, शहाणे?" आईनं हसत सुई उचलली.

"थांब ना!" मुलीनं आईचं मनगट धरलं. तिथंही बोट टेकवून बराच वेळ चाचपलं. तिथं मात्र काहीच जाणवलं नाही.

आई हसतच होती. मुलीनं हळूच रबरी हात उचलला आणि छातीशी घट्ट धरला.