तिसरी वायर

वायरमननं टेस्टरचं टोक वॉशिंग मशीनच्या पत्र्याला टेकवलं. टेस्टरमधला बारीक दिवा लागला. मशीन फिरतही नव्हतं. तपासायला त्यानंच नुसती पिन बोर्डात घालून बटण चालू केलं होतं. त्यानं झटकन बटण बंद केलं, पिन उपटली आणि दारात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

“मावशी, मागं सरा. फरशी ओली आहे.”

बाथरूम जेमतेम दोन माणसं मावतील एवढं. शॉवर, बेसिन आणि मधे दाटीवाटीनं बसवलेलं मशीन. ते तिथून काढून गॅलरीत न्यायचं, एवढ्यासाठीच बाईंनी त्याला बोलावलं होतं.

पॅसेजमध्ये जाऊन त्यानं मेन बंद केला. परत येऊन बोर्डाचं झाकण उघडलं. आत दोनच वायरी. तिसरी, अर्थिंगची, ओढलेलीच नव्हती.

“हे कुणी बसवलं?”

“मुलानं. माझं वाकून कपडे धुणं सुटावं म्हणून. वाढदिवसाला आणलं आणि स्वतःच बसवलं.”

“कुणाला शॉक वगैरे बसला होता का?”

बाईंनी वळून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. मुलगा कानात इयरफोन घालून ऑफिसचं काम करत होता. त्या आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

“महिन्यापूर्वी हे गेले. इथेच, आंघोळ करताना. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आधीचं दुखणं होतंच, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही.” त्यांनी मशीनकडे बोट केलं. “यांचा हात मशीनवर होता, भाऊ. मी धरायला गेले तर माझ्याही हाताला झिणझिण्या आल्या. आधी बटण बंद केलं, मग मुलाला हाक मारली.”

उकिडव्या बसलेल्या वायरमननं उघड्या बोर्डातल्या दोन वायरींकडे पाहिलं.

“त्याला सांगू नका. बापावर फार जीव होता त्याचा. इथे ओल असते म्हणून मशीन हलवलं, एवढंच म्हणा.”

दार उघडलं.

“दादा, लाइट तुम्ही घालवलीत होय? माझी मीटिंग चालू होती.” मग मुलाची नजर उघड्या बोर्डाकडे गेली. “काही गडबड आहे का?”

वायरमन क्षणभर बाईंकडे पाहत राहिला. “जागा बरोबर नाही,” तो म्हणाला. “शॉवरच्या हाताशी मशीन ठेवू नये. आणि अर्थिंगही नाही याला.”

“ते नसलं तरी चालतं हो. आईनं उगाच धसका घेतलाय. बाबा इथे गेले ना, म्हणून.” त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. “दोन महिन्यांपूर्वी ताईकडेही मी अगदी असंच बसवून दिलंय. बाथरूममध्येच. तिची पोरं दिवसभर तिथे पाण्यात खेळतात. काही झालं का?”

वायरमननं बाईंकडे पाहिलं. आता बोलायचं कुणी, हे त्याला कळत होतं.

बाई मुलाकडे वळल्या.

“ताईला फोन लाव.”

“आत्ता? कशाला?”

“लाव आधी. म्हणावं, पोरांना बाथरूममधून बाहेर काढ आणि मेन बंद कर. मशीनला हात लावू नकोस.”

“अगं, पण झालंय काय?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. खांद्यावरचा त्याचा हात काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“फोन कर,” त्या म्हणाल्या. “मग बाहेर येऊन दोन घास खाऊन घे. मग सांगते.”