चौथा गोल

चौथा गोल इतका सावकाश आला, की कमळाकरला चेंडूवरची शिवण दिसली. कान्हू वाकला, पण उशिरा. चेंडू त्याच्या पायांमधून गेला आणि जाळीपर्यंतही न पोचता रेषेपलीकडे थांबला.

"गोलकीपर आहे का खांब?" कमळाकर ओरडला. "खांबाला लागून चेंडू परत तरी येतो!"

रोह्याचे प्रेक्षक हसले. ते त्याला जास्त लागलं. रविवारची सुट्टी घालवून, खाडीवीर क्लबचा निळा टी-शर्ट चढवून तो पेणहून आला होता. बारा वर्षांत क्लबची एक मॅच त्यानं चुकवली नव्हती, आणि ओळीनं चार मॅच हरलेली टीमही पाहिली नव्हती.

शिट्टी वाजली तसा तो तडक मैदानात शिरला. क्लबचा मॅनेजर झुबेर सरावाचे चेंडू जाळीच्या पिशवीत भरत होता. पेणला त्याचं टाइल्सचं दुकान, आणि उरलेला सगळा वेळ क्लबचा.

"झुबेर, तुला मॅनेजर कोणी केलं?"

"तुम्हीच भाऊ. मीटिंगमध्ये पहिला हात तुमचाच वर व्हता."

"चुकलं माझं! डाव्या बॅकला आपली जागा तरी माहीत आहे का? तो रमीज पुढं नुसता हात वर करून उभा, रिक्षा थांबवल्यासारखा. आणि हा कान्हू! गेल्या सीझनला ह्यानं वडखळच्या दोन पेनल्टी अडवल्या. पेपरात नाव आलं आणि संपलं. आता उभ्या उभ्या झोपतो!"

"व्हय," झुबेर म्हणाला. "झोपतोच."

"आणि तरी खेळवतोस?"

"दुसरा कीपर कतारला गेला. कोनाला उभा करू?"

"मग ह्याला जागा कर! शिस्त लाव. रोज सकाळी सातला प्रॅक्टिसला बोलाव. नाही आला तर काढून टाक. आम्ही उन्हात घसा फोडायचा, आणि ह्यांनी जांभया द्यायच्या?"

कान्हू गोलपोस्टला टेकून बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं. तो उठला, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि त्या दोघांपाशी आला.

"माफ करा भाऊ. पाय उचलत नव्हते. काल रात्रपाळीला गेलो तो आज तीनला सुटलो."

"मला नको सांगू. रात्रपाळी सकाळी सातला सुटते. मी कंपनीच्या टाइम ऑफिसात आहे, पाळ्यांची हजेरी माझ्याकडंच असते."

"म्हाईत हाय. तुमच्याच कंपनीत हाय मी. कंत्राटदाराकडं. मिठागर बंद झालं, तवापासून. महिना झाला."

"मला कधी दिसला नाहीस."

"आमाला मागच्या गेटनं घेतात."

कमळाकरनं पहिल्यांदाच त्याच्याकडे जवळून पाहिलं. डोळे लाल. नखांत पिवळी पूड. ती कंपनीतली पूड कमळाकरला ओळखू आली. धुतल्यानं जात नाही ती.

"सुटायच्या टायमाला ऑफिसातून फोन आला," कान्हू म्हणाला. "पयल्या पाळीला मानसं कमी हाईत, रातच्यातली चार थांबवा. मी नि रमीज त्यात सापडलो."

तो फोन कमळाकरनंच केला होता. साडेसहाला, घरून, चहाचा कप हातात धरून. कंत्राटदारानं विचारलं होतं, कोणाला थांबवू? कमळाकर म्हणाला होता, "कोणीपण चार." अर्ध्या मिनिटाचं काम. मग तो टी-शर्टला इस्त्री करायला बसला होता.

झुबेरनं पिशवीचं तोंड आवळलं.

"आज रात्री?" त्यानं कान्हूला विचारलं.

"अकराला परत. जित्याला घरी जातो, भाकर खातो नि येतो."

"आणि उद्या सकाळी?"

दोघांनीही कमळाकरकडे पाहिलं.

"ही काय पद्धत झाली?" कमळाकरचा आवाज पुन्हा चढला. "सोळा तास माणूस उभा ठेवायचा? मागच्या गेटनं आला म्हणून तो माणूस नाही? टीमची वाट लागेल नाही तर काय होईल! उद्या हात गेला एखाद्याचा, तर कोण जबाबदार? नाही, हे चालणार नाही. मी बोलतो. आत्ता, तुमच्यासमोर. सगळ्यांच्या डबल पाळ्या बंद म्हणजे बंद!"

त्यानं फोन काढला. बूट सोडत बसलेली पोरं एकेक करून उठली आणि भोवती आली. रमीज एका पायात बूट, एक पाय मोकळा, असाच लंगडत पुढं झाला. डाव्या बॅकनं हळूच म्हटलं, "भाऊ, स्पीकरवर टाका."

कमळाकरनं हात हलवून त्याला गप्प केलं. पलीकडे रिंग गेली. त्यानं टी-शर्ट खाली ओढून सरळ केला, कॉलरची वरची गुंडी लावली.

"सर, नमस्कार. कमळाकर बोलतोय, टाइम ऑफिस... सुट्टीच्या दिवशी त्रास दिला... नाही सर, तसं काही अर्जंट नाही. ते पाळीचं जरा... हो सर. हो, उद्याचंच."

तो ऐकत राहिला. मैदानाच्या पलीकडे रोह्याची पोरं ढोल वाजवत होती. त्यानं दुसरा कान बोटानं दाबून धरला.

"सहा जण लागतील?" तो म्हणाला. भोवती उभ्या असलेल्यांपैकी कोणाच्याच तोंडाकडे त्यानं पाहिलं नाही. "हो सर. सांगतो त्यांना."