गुण जुळले, वॅट राहिले

"तुझं कार्डच खराब आहे," कॉम्प्युटर पुन्हा बंद पडल्यावर मकरंद म्हणाला.

"माझ्या माहेरचं काही खराब नसतं!" त्याची नवीकोरी बायको उसळली. हे ग्राफिक्स कार्ड तिने रुखवतात लाडवांशेजारी मांडलं होतं. त्यावरचे पंखे बघून बायका म्हणाल्या होत्या, "अगंबाई, केवढुसा टेबलफॅन!"

आज तिने ते मकरंदच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं होतं. किरकोळ कामं नीट चालत होती, पण बंगल्याचा थ्रीडी व्हिडिओ करायला घेतला की खटकन सगळं बंद. सासरी आल्यावर मिळालेलं पहिलंच काम, तेही आज संध्याकाळी द्यायचं होतं.

तिने कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचलं आणि गालात हसली. "या कार्डाला साडेसहाशे वॅटचा सप्लाय लागतो. तुमच्याकडे साडेचारशेचाच आहे."

"इतकी वर्षं मला पुरला की!"

"पत्ते खेळायला पुरणारच."

तेवढ्यात सासूबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. मकरंदने लगेच गाऱ्हाणं मांडलं, "आई, सांग हिला. आपल्या घराला झेपेल असंच आणायचं असतं."

सासूबाईंनी एक बशी सुनेच्या हातात दिली. दुसरी मकरंदने धरली होती, ती काढून घेतली.

"पत्रिकेतले अठ्ठावीस गुण बघितले, आपले वॅट बघायचे राहिले. कार्ड तिने माहेरून आणलंय, पॉवर आपण द्यायची. ऊठ, दुकान उघडं असेल. पोहे आल्यावर मिळतील."